व्हाइट नदीवरचे वाटाडे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिसूरी संस्थानाच्या नैर्ऋत्य भागांत गॅलिना आणि ब्रॅन्सन अशीं दोन गांवें आहेत. डोंगर फोडून नेलेल्या आगगाडीच्या रस्त्यानें त्या दोहोंमधील अंतर वीस-पंचवीस मैलांचें. नदीच्या वाटेनें मात्र तेंच अंतर सव्वाशें मैल भरे. गॅलिनाजवळून वाहणारी जेम्स नदी वळणें घेत घेत दक्षिणेस जाई, व्हाइट नदीला मिळे, आणि मग व्हाइट नदी तितक्याच सावकाशपणें डोंगरांना वळसे घालीत ब्रॅन्सनला पोंचे. व्यवहारी मनुष्य यांतील कोणती वाट धरील हें सांगावयास नको. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कॅन्सस सिटी, सेंट लुई, शिकागो अशा शहरांतील वकील, डॉक्टर आणि व्यापारी आगगाडीनें गॅलिनास येत, तेथें एका लांबट लाकडी नावेंत बसत, आणि तासा-दीड तासाची वाट पांच दिवसांत तोडण्यासाठीं पदरचे पैसे मोजीत. प्रवास संपला म्हणजे माणसें आपापल्या घरीं जात आणि नावा तेवढ्या आगगाडीच्या उघड्या डब्यांतून गॅलिनास परत येत. या प्रवासाला तिकडे ‘फ्लोट’ म्हणजे तरंगत जाणें असें साधें नांव होतें. त्यांतील मुख्य हेतु बास नांवाचा मासा गळाला लावण्याचा. आणि मुख्य आधार, नावेच्या मागच्या टोकाला वल्हें घेऊन बसलेल्या डोंगरी वाटाड्याचा. हा धंदा सुमारें अर्धें शतक चालला, आणि १९५८ सालीं एका धरणाच्या भिंतीपाशीं संपला.

ज्या माशासाठीं एवढा खटाटोप, त्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. बास हें नांव त्याला युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं दिलें, आणि तें तसें चुकीचेंच आहे; युरोपच्या समुद्रांतील बासाशीं या माशाचें जवळचें नातें नाहीं. हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यांतील ‘सनफिश’ कुळांतला. त्याच्या दोन जाती विशेष प्रसिद्ध आहेत. मोठ्या तोंडाचा बास संथ, उबदार आणि पाणवनस्पतींनीं भरलेल्या पाण्यांत सुखानें नांदतो. लहान तोंडाच्या बासाला मात्र स्वच्छ, थंडसर आणि वाहतें पाणी लागतें. तळाशीं खडक आणि गोटे लागतात. त्या गोट्यांखालीं लपून राहणारे झिंग्यासारखे कवचाचे जीव हें त्याचें आवडतें खाद्य. १८०२ सालीं लासेपेद या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें या जातीचें शास्त्रीय वर्णन केलें, तेव्हां त्यानें दोलोमिय्य या भूगर्भशास्त्रज्ञाचें नांव तिला दिलें. याच दोलोमिय्यच्या नांवावरून डोलोमाइट हा खडक ओळखला जातो. गंमत अशी कीं, ओझार्कच्या डोंगरांत ज्या खडकांतून या नद्या वाहतात त्यांत डोलोमाइटाचा भाग बराच आहे. म्हणजे एकाच पंडिताचें नांव तेथें पाण्याच्या तळाशींही आहे आणि पाण्यांतही आहे.

वसंत ऋतूंत पाण्याची ऊब साठ अंश फॅरनहाइटच्या आसपास आली म्हणजे नर मासा शेपटीनें गोटे झाडून तळाशीं वाटोळें घरटें करतो. मादी अंडीं घालून निघून जाते; अंडीं फुटून पिलें पांगेपर्यंत पहारा करतो तो नरच. पाणी फार गार राहिलें, किंवा एकाएकीं चढूं-उतरूं लागलें, तर हा सारा संसार मोडतो. ही गोष्ट पुढील हकीकतीच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

वजनाच्या मानानें पाहूं गेल्यास ओझार्कच्या नद्यांतला हा मासा फार मोठा नव्हे. एक ते तीन पौंड हें त्याचें नेहमींचें वजन; चार पौंडांचा मासा लागला तर त्याची कथा वर्षभर पुरे. परंतु गळ लागतांच तो पाण्याबाहेर ज्या उसळ्या मारतो आणि खडकांच्या कपारीकडे ज्या जिद्दीनें ओढ घेतो, त्यामुळें हिंदुस्थानांतील इंग्रज अंमलदारांनीं महसीर माशाला जो मान दिला तोच अमेरिकेंतील गळवाल्यांनीं बासाला दिला. त्याच्यापायीं कारागिरीही वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं केंटकी संस्थानांतील पॅरिस गांवच्या जॉर्ज स्नायडर नांवाच्या घड्याळजीनें दंतचक्रांचें एक रीळ बनविलें. त्याची मूठ एकदां फिरविली कीं दोरीचा रूळ अनेक वेळां फिरे. घड्याळांतील चक्रांची विद्या अशा रीतीनें नदीकांठीं उतरली. पुढें १८५४ सालीं बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या एंजिनामागील पाण्याच्या टाकींत कांहीं बास मासे घालून ते ॲलेघनी पर्वताच्या पलीकडे नेण्यांत आले व पोटोमॅक नदीच्या पाण्यांत सोडण्यांत आले. मासा आगगाडीनें प्रवास करून नव्या मुलखांत वसाहत करतो, ही कल्पना त्या काळच्या अमेरिकेला शोभेशीच होती. जेम्स हेन्शल नांवाच्या डॉक्टरानें १८८१ सालीं या एका माशावर आख्खा ग्रंथ लिहिला, आणि ट्राउटावांचून दुसऱ्या कोणत्याही माशाला खानदानी न समजणाऱ्या मंडळींच्या पंक्तींत बासाला मानाचें पान मिळवून दिलें.

अशा माशाला हवें तसें पाणी ओझार्कच्या डोंगरांत भरपूर होतें. मिसूरीचा दक्षिण भाग आणि आर्कन्साचा उत्तर भाग व्यापणारा हा डोंगराळ प्रदेश चुन्याच्या आणि डोलोमाइटाच्या खडकांचा आहे. पाऊस त्यांत मुरतो, गुहांतून आणि भेगांतून वाट काढतो, आणि मोठमोठ्या झऱ्यांच्या रूपानें नद्यांना येऊन मिळतो. व्हाइट नदी आर्कन्सांतील बॉस्टन पर्वतांत उगम पावते, उत्तरेकडे मिसूरींत शिरते, तेथून पुनः वळून आर्कन्सांत येते आणि शेवटीं मिसिसिपीच्या खोऱ्यांत उतरते. या खोऱ्यांत येऊन राहिलेले लोक बहुतेक ॲपेलेचियन डोंगरांतून आलेले. जमीन खडकाळ, मक्याचें थोडें पीक, रानांत चरणारीं डुकरें, शिकार आणि मासे यांवर त्यांचा निर्वाह चाले. रोख पैसा हातीं लागे तो ओकाचीं झाडें तोडून रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर घडविण्यांत. हे स्लीपर एकत्र बांधून त्यांचे तराफे नदींतून खालीं नेत. नदीचीं वळणें, खळाळ आणि पाण्याखालचे खडक यांची जी पक्की जाण पुढें शहरी पाहुण्यांच्या उपयोगी पडली, ती मूळची या मेहनतीच्या आणि धोक्याच्या कामांत कमावलेली होती.

१९०६ च्या सुमारास व्हाइट नदीच्या खोऱ्यांतून जाणारा आगगाडीचा रस्ता पुरा झाला. पुढच्याच वर्षीं हॅरल्ड बेल राइट यांची ‘द शेफर्ड ऑफ द हिल्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली; ती ब्रॅन्सनजवळच्या डोंगरांतली होती आणि तिचा खप अफाट झाला. कादंबरींतलीं स्थळें पाहावयास लोक येऊं लागले. १९०९ सालीं मिसूरीचे गव्हर्नर हर्बर्ट हॅडली यांनीं पूर्वेकडच्या करंट नदीवरून वर्तमानपत्रकारांसह असाच नावेचा प्रवास केला, आणि ओझार्कच्या नद्यांची कीर्ति शहरांतून पसरली. गॅलिना येथें चार्ली बार्न्स आणि त्याचे भाऊ यांनीं याच काळांत फ्लोटच्या धंद्याला व्यवस्थित रूप दिलें. चार्ली स्वतः नावा बांधी आणि स्वतः त्या चालवी.

त्याची नाव म्हणजे ‘जॉनबोट’. वीस फुटांच्या आसपास लांब, जेमतेम तीन-चार फूट रुंद, तळ अगदीं सपाट, दोन्हीं टोकें किंचित् वर उचललेलीं. लाकूड पाइनच्या रुंद फळ्यांचें. नवी नाव प्रथम पाण्यांत बुडवून ठेवीत, म्हणजे फळ्या फुगून सांधे आपोआप बुजत. दिसावयास ती ढोरांच्या पाणी पिण्याच्या लांबट डोणीसारखी दिसे आणि तिच्यांत पाहण्यासारखें कांहीं नसे. पण कांहीं इंच पाणी असलें तरी ती तरंगे, माणूस उभा राहिला तरी कलंडत नसे, आणि एका वल्ह्यानें हवी तशी वळे. अशा नदीला याहून अधिक योग्य वाहन कोणत्याही एंजिनियरानें शोधून काढलें असतें कीं काय याची शंकाच आहे.

एका नावेंत बहुधा दोन पाहुणे आणि एक वाटाड्या. पाहुणे घडीच्या कापडी खुर्च्यांवर बसत. त्यांचें तोंड पुढें, वाटाड्याचें लक्ष सगळीकडे. याखेरीज कोठीची एक वेगळी नाव असे. तींत तंबू, अंथरुणें, बर्फाची पेटी, पिठाचे डबे, डुकराचें खारें मांस आणि ओतीव लोखंडाचीं भांडीं भरलेलीं असत. ही नाव सकाळींच पुढें निघून जाई आणि संध्याकाळीं गोट्यांच्या एखाद्या विस्तीर्ण वाळवंटावर तंबू ठोकून, चूल पेटवून वाट पाहत राही. पाहुणे पोंचत तों मक्याच्या भाकरीचा वास दरवळत असे. दिवसभरांत धरलेले मासे मक्याच्या पिठांत घोळून चरबींत तळले जात. जेवणानंतर शेकोटीभोंवतीं गोष्टी निघत. लोककथांचे संग्राहक व्हान्स रँडॉल्फ हे कांहीं वर्षें गॅलिनांतच राहत होते. या डोंगरी लोकांच्या गोष्टी, गाणीं आणि समजुती त्यांनीं मोठ्या मायेनें गोळा केल्या. त्यावरून त्या शेकोट्यांपाशीं श्रोत्यांना कशाची मेजवानी मिळत असेल याची कल्पना येते. शहरी पाहुण्याला सरळ तोंडानें अशक्य गोष्ट सांगावी आणि त्याला ती खरी वाटते कीं काय हें पाहावें, ही त्या लोकांची आवडती करमणूक.

खरें कसब मात्र दिवसा दिसे. वाटाड्या नाव पुढें हांकीत नसे. तें काम नदीच करी. तो तिला आवरी. एका हातांत वल्हें धरून, पाण्याचा आवाज न करतां, कांठापासून गळ नेमका खडकापाशीं पडेल एवढ्या अंतरावर तो नाव तासन्‌तास ठेवी. कोणत्या डोहांत कोणत्या वेळीं सावली येते, पाऊस झाल्यावर कोणत्या ओढ्याचें पाणी गढूळ होतें आणि कोणत्या झऱ्याचें स्वच्छ राहतें, पुरानें मागच्या वर्षीं आणून टाकलेलें झाड आतां कोठें आहे, हें त्याला पाठ असे. पाहुणा हजार डॉलर मिळविणारा वकील असो कीं बँकेचा चालक. त्या पांच दिवसांत त्याला वाटाड्याच्या शब्दाबाहेर जातां येत नसे. ही विद्या कोठें लिहिलेली नव्हती. ती बापाकडून मुलाकडे जाई, आणि तिचें एक वैशिष्ट्य असें कीं ती एका नदीपुरतीच होती. सुतार आपली विद्या घेऊन दुसऱ्या गांवीं जाऊं शकतो. व्हाइट नदीच्या वाटाड्याला व्हाइट नदीवांचून दुसरीकडे ती अर्धीसुद्धां उपयोगाची नव्हती.

१९१३ सालीं ब्रॅन्सनच्या खालच्या बाजूस व्हाइट नदीवर विजेसाठीं पहिलें धरण झालें आणि मागें टॅनीकोमो नांवाचें लांबट सरोवर तयार झालें. त्यानें प्रवासाचा शेवटचा टप्पा संथ झाला, परंतु धंदा बुडाला नाहीं. उलट सरोवराच्या कांठीं विश्रांतिगृहें झालीं, पोहणारे आले, आणि ब्रॅन्सनची भरभराट झाली. वरच्या बाजूची नदी पूर्वीसारखीच वाहत होती. धरण आणि नदी दोन्हीं एकत्र नांदूं शकतात असा त्या पिढीचा जो समज झाला, तो या पहिल्या अनुभवामुळें झाला असावा.

चिंता होती ती दुसऱ्याच बाजूनें. मोटारींचे रस्ते वाढले तसे गळवाले वाढले. बाजारांत विकण्यासाठीं मासे धरणारे, पाण्यांत सुरुंग फोडून मेलेले मासे गोळा करणारे, असे लोकही होतेच. एका संस्थानांत बेकायदा धरलेला बास दुसऱ्या संस्थानांत नेऊन विकला कीं कायद्याचे हात तेथवर पोंचत नसत. ही पळवाट बुजविण्यासाठीं १९२६ सालीं काँग्रेसनें खास बासासाठीं एक कायदा केला आणि बेकायदा धरलेल्या बासाची संस्थानाबाहेर ने-आण करणें हा गुन्हा ठरविला. पुढें १९३६ च्या नोव्हेंबरांत मिसूरीच्या मतदारांनीं आपल्या संस्थानाच्या घटनेंत दुरुस्ती करून वन्य प्राणी आणि मासे यांचा कारभार राजकीय पक्षांच्या हातून काढला आणि एका स्वतंत्र मंडळाकडे दिला. मासा वांचविण्यासाठीं सामान्य मतदारांनीं एवढी जागरूकता दाखवावी, ही गोष्ट कौतुकाची आहे. मात्र कायद्यानें मासा वांचत होता. नदीविषयीं त्यांत एक अक्षरही नव्हतें.

याच सुमारास, ऐन मंदीच्या काळांत, जिम ओवेन नांवाचा एक हरहुन्नरी गृहस्थ ब्रॅन्सनला आला. १९३५ सालीं त्यानें आपली नावांची कंपनी काढली. त्याला जाहिरातीचें मर्म उत्तम कळे. त्यानें चांगले वाटाडे जमविले, चार्ली बार्न्सला नावा बांधावयास आपल्याकडे घेतलें, आगगाडीऐवजीं मोटार-ट्रकांतून नावा वरच्या गांवीं पोंचविण्याची सोय केली, आणि मासिकांचे लेखक व चित्रपटांतले नट यांना अगत्यानें नदीवर नेलें. लेखक परत जाऊन लिहीत. तें वाचून दुसरे येत. ओवेन पुढें बरीच वर्षें ब्रॅन्सनचा नगराध्यक्ष होता. पैसा मुख्यतः त्याच्या पदरीं पडला हें खरें. तरी मंदींत शेती आणि लाकूड दोन्हीं धंदे बसले असतां डोंगरांतल्या कित्येक घरांत रोख मजुरी आली ती या नावांमुळें, हेंही तितकेंच खरें.

आतां धरणांची गोष्ट. १९२७ सालीं मिसिसिपीच्या खोऱ्यांत जो भयंकर पूर आला, त्यानें आर्कन्साची फार मोठी हानि केली. त्यानंतर पूरनियंत्रण हें मध्यवर्ती सरकारचें कर्तव्य मानलें जाऊं लागलें, आणि १९३६ पासून एकामागून एक कायदे होऊन व्हाइट नदीच्या खोऱ्यांत मोठीं धरणें बांधण्याचें काम लष्कराच्या एंजिनियर खात्याकडे आलें. नॉर्थ फोर्क या उपनदीवरील नॉरफोर्क धरण १९४४ सालीं पुरें झालें. व्हाइट नदीवरील बुल शोल्स धरणाची २५६ फूट उंचीची भिंत १९५१ सालीं उभी राहिली. तिचा समारंभ २ जुलै १९५२ रोजीं अध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते झाला. ट्रुमन स्वतः मिसूरीचे. मग ब्रॅन्सनच्या वरच्या अंगास टेबल रॉक धरणाचें काम १९५४ सालीं सुरू झालें आणि १९५८ सालीं संपलें. या भिंतीची लांबी ६,४२३ फूट आणि उंची २५२ फूट. तिच्या मागें ४३,००० एकरांहून अधिक जमीन पाण्याखालीं गेली. जेम्स आणि व्हाइट या नद्यांचा संगम, गॅलिना ते ब्रॅन्सन या वाटेचा बहुतेक सारा भाग, त्यावरचे सगळे खळाळ आणि मुक्कामाचीं वाळवंटें त्यांत बुडालीं. ओवेननें त्याच वर्षीं आपला धंदा आटोपला. १९७२ सालीं तो वारला.

या धरणांविरुद्ध बोलणें सोपें आहे, विशेषतः जो खालच्या सखल मुलखांत राहत नाहीं त्याला. पुरानें ज्याचें शेत आणि घर अनेकदां धुवून नेलें, त्याच्या दृष्टीनें पांच-सहा दिवसांची बासाची शिकार ही श्रीमंतांची चैन होती. डोंगरांतल्या घरांत १९३५ नंतर हळूहळू विजेच्या तारा पोंचूं लागल्या होत्या. विहिरीचें पाणी हातानें ओढणाऱ्या आणि कंदिलाच्या उजेडांत मुलांचे कपडे शिवणाऱ्या बायकांना वीज म्हणजे काय वाटलें असेल, हें सांगावयास नको. धरणाच्या बांधकामावर मिळालेली मजुरी वाटाड्याच्या मजुरीहून अधिक नियमित होती. हिशेब मांडावयाचा तर या रकमा गाळून चालणार नाहींत.

परंतु हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला एक रक्कम अशी होती कीं ती कोणीं धरलीच नव्हती. खोल सरोवरांत वरचें पाणी उन्हानें तापतें, तळाचें मात्र वर्षभर थंड राहतें. आणि वीज करण्यासाठीं जें पाणी खालीं सोडतात तें खोलांतलें. टेबल रॉकच्या खालीं येणारें पाणी अठ्ठेचाळीस अंश फॅरनहाइटच्या आसपास असतें. शिवाय विजेची मागणी असेल तेव्हां तें सोडावयाचें, नसेल तेव्हां बंद. बासाच्या घरट्याला साठ अंशांची ऊब लागते आणि पाणी स्थिर लागतें, हें वर आलेंच आहे. म्हणजे धरणाच्या मागें नदी राहिली नाहीं, आणि धरणाच्या पुढें नदी राहिली तरी तींतला मासा राहिला नाहीं. टॅनीकोमोच्या कांठीं रॉकअवे बीच म्हणून पोहणाऱ्यांचें जें गजबजलेलें ठिकाण होतें, तेथें भर उन्हाळ्यांतही पाण्यांत पाय घालवेना. हॉटेलें हळूहळू ओस पडलीं. पहिल्या धरणानें वसविलेलें गांव दुसऱ्या धरणानें असें उठविलें.

सरकारनें यावर उपाय काढला तो थंड पाण्यांत राहणारा ट्राउट मासा सोडण्याचा. नॉरफोर्क धरणाच्या पायथ्याशीं आणि टेबल रॉकच्या पायथ्याशीं ट्राउटाच्या पिलांचीं केंद्रें उघडण्यांत आलीं, आणि थोड्याच वर्षांत हा मुलूख ट्राउटासाठीं प्रसिद्ध झाला. हेन्शलनें ज्या खानदानी माशाच्या पंक्तीला आपला बास नेऊन बसविला होता, त्यानेंच शेवटीं बासाला त्याच्या घरांतून उठविलें, ही नियतीची थट्टा म्हणावी लागेल.

मोठ्या तोंडाच्या बासाचें मात्र फावलें. नव्या सरोवरांचें उबदार, संथ पाणी त्याच्या सोयीचें. बुल शोल्स, टेबल रॉक आणि १९६६ सालीं पुरें झालेलें बीव्हर हीं सरोवरें बासाच्या गळवाल्यांनीं भरूं लागलीं. बीव्हर सरोवरावर १९६७ सालीं अलाबामांतील विमा-विक्रेता रे स्कॉट यानें बासाचे सामने भरविले. १०६ स्पर्धक, प्रत्येकीं शंभर डॉलर प्रवेशमूल्य. पुढील वर्षीं त्यानें बास-शिकाऱ्यांची संस्था काढली, आणि १९७२ पासून मासा मारूं नका, जिवंत सोडून द्या, असा प्रचार तिनें चालविला. फॉरेस्ट वुड या आर्कन्सांतील फ्लिपिन गांवच्या गृहस्थाचें चरित्र तर या स्थित्यंतराचें चित्रच आहे. तरुणपणीं तो बुल शोल्सच्या बांधकामावर मजूर होता. मग त्यानें पाहुण्यांना नावेंतून मासे धरावयास नेण्याचा धंदा केला. आणि १९६८ सालीं बासासाठींच खास वेगवान मोटरबोटी बांधण्याचा कारखाना काढला. त्या बोटींवर पाण्याखालचा तळ आणि मासे दाखविणारें विद्युत् यंत्र बसूं लागलें. चार्ली बार्न्सची नाव प्रवाहाच्या वेगानें जाई. या बोटीला प्रवाह नकोच होता, आणि सरोवरांत तो नव्हताही.

वाटाडे या नव्या व्यवस्थेंतही आहेत. माशाची जाण, हवामानाची जाण आणि नवख्या पाहुण्याशीं धीरानें वागण्याची हातोटी हे गुण आजही लागतात, आणि चांगल्या वाटाड्याकडे महिनेमहिने आधीं दिवस राखून ठेवावे लागतात. पण बुडालेल्या खोऱ्याचा नकाशा यंत्राच्या कांचेवर उमटतो. तो कोणाच्या बापानें सांगितलेला नसतो.

वाहत्या पाण्यावरचा जुना धंदा संपूर्ण नामशेष झाला असता, पण तसें झालें नाहीं, याचें कारण व्हाइट नदीची दक्षिणेकडील एक उपनदी. बफेलो नदीवर दोन धरणें बांधण्याची योजना तयार होती, आणि कांठच्या पुष्कळ व्यापाऱ्यांचा तिला पाठिंबा होता. १९६२ सालीं नील कॉम्प्टन नांवाच्या डॉक्टराच्या पुढाकारानें ओझार्क सोसायटी स्थापन झाली आणि तिनें या धरणांना विरोध केला. त्याच वर्षीं वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांनीं या नदीवरून नावेनें प्रवास केला. त्याला वर्तमानपत्रांतून मोठी प्रसिद्धि मिळाली. चित्रकार टॉमस हार्ट बेंटन वर्षानुवर्षें या नदीवर येत असे, तोही धरणाविरुद्ध उभा राहिला. पुढें १९६५ च्या डिसेंबरांत आर्कन्साचे गव्हर्नर फॉबस यांनीं धरणाला आपला विरोध कळविला, आणि योजना बारगळली. १ मार्च १९७२ रोजीं अध्यक्ष निक्सन यांच्या सहीनें बफेलो ही राष्ट्रीय नदी म्हणून जाहीर झाली. सुमारें १३५ मैलांचा प्रवाह कायमचा मोकळा राहिला. मिसूरींतील करंट आणि जॅक्स फोर्क या नद्यांना असें संरक्षण त्याआधींच, १९६४ सालीं, मिळालें होतें.

या विजयाची किंमतही कोणी तरी भरली. धरणापासून वांचलेलीं बफेलोच्या कांठचीं शेतें राष्ट्रीय नदीसाठीं सरकारनें विकत घेतलीं, आणि कित्येक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांचीं घरें सोडावीं लागलीं. त्यांचा राग पुढें कैक वर्षें शमला नाहीं. धरणानें घर गेलें काय आणि उद्यानानें गेलें काय, ज्याचें गेलें त्याच्या दृष्टीनें फरक थोडाच. बाहेरून आलेला पाहुणा नदीचें सौंदर्य पाहून धन्य होतो तेव्हां, त्या वाळवंटावर पूर्वीं कोणाचीं गुरें पाण्यावर येत असत हें त्याला ठाऊक नसतें.

तरीही बफेलोवर, करंटवर आणि ओझार्कच्या इतर मोकळ्या ओढ्यानद्यांवर लहान तोंडाच्या बासासाठीं वाटाड्यासह नावेनें जाण्याचा प्रघात चालूं आहे. जॉनबोट आतां बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिच्या जोडीला कॅनू आणि रबरी होड्याही आल्या आहेत. पुष्कळ पाहुणे मासा क्षणभर हातांत धरून परत पाण्यांत सोडतात. नाव आवरण्याची रीत मात्र तीच आहे.

गॅलिना येथें जेम्स नदीवर १९२७ च्या सुमाराचा एक जुना पूल आहे. एका टोकाला त्याच्या दोन शाखा होतात, म्हणून त्याला ‘वाय-ब्रिज’ म्हणतात. बार्न्स बंधूंच्या काळच्याप्रमाणें आजही लोक त्या पुलापाशीं नावा पाण्यांत लोटतात. तेथून कांहीं मैल नदी पूर्वीसारखी वाहते. डोह येतात, खळाळ येतात, गोट्यांचीं वाळवंटें लागतात. मग केप फेअरच्या बाजूला प्रवाह मंदावत जातो, आणि वल्हें सोडून मोटर चालू करावी लागते.